देवरूखचे देव आणि चीनच्या जुन्या नगरपोथ्या

कोल्हापूरहून मलकापूरमार्गे निघालेला प्रवासी आंबा घाट उतरू लागला, की साखरप्यापाशी त्याला कोकण भेटते. घाटमाथ्यावरची उघडी माळराने मागे पडतात, हवेत ओल येते, घरांची छपरे उतरती होतात आणि रस्त्याच्या कडेला जांभा दगडाचे गडगे दिसू लागतात. साखरप्याहून एक वाट रत्नागिरीकडे जाते आणि दुसरी उजवीकडे देवरूखकडे वळते. पूर्वी हीच वाट बैलांच्या तांड्यांची होती. घाटावरचा गूळ, मिरची आणि कडधान्य खाली उतरे, तर मीठ, नारळ, सुपारी आणि कोकम वर चढे. कोल्हापूर, निपाणीकडच्या जैन पेढ्यांचा कोकणाशी असलेला व्यवहार बव्हंशी अशाच घाटांतून चालत आला आहे.

देवरूख हे तालुक्याचे गाव. मात्र तालुक्याचे नाव देवरूख नाही. नाव संगमेश्वराचे आणि कचेरी देवरूखची, अशी ही जुनी वाटणी आहे. गावाच्या नावाची फोड सोपी आहे: देव आणि रूख. ‘रूख’ म्हणजे झाड. संस्कृत ‘वृक्ष’ शब्दाचे प्राकृतात ‘रुक्ख’ झाले, आणि आगमांचा स्वाध्याय करणाऱ्यांच्या कानांवर तो शब्द नित्य पडत असतो. मराठीने तो पुढे ‘रूख’ म्हणून जपला. देवाचे झाड ज्या गावाच्या नावातच आहे, त्या गावाच्या पंचक्रोशीत देवळांना तोटा नाही. ग्रामदेवता सोळजाई गावात आहे, पूर्वेस सह्याद्रीच्या कुशीत मार्लेश्वर आहे आणि सतरा-अठरा किलोमीटरवर संगमेश्वर आहे. शास्त्री नदीला अलकनंदा आणि वरुणा जिथे मिळतात, तिथे संगमेश्वराजवळच कसबा हे गाव वसले आहे.

या कसब्यात कर्णेश्वराचे देऊळ उभे आहे. काळ्या दगडाचे, नक्षीदार खांबांचे, छतावर कमळ कोरलेले हे शिवालय पाहिले, की कोकणातल्या कौलारू देवळांना सरावलेली दृष्टी क्षणभर गोंधळते. ही घडण घाटावरची आहे, दख्खनच्या राजवटींची आहे. आवारात सूर्याचे लहानसे देऊळ आहे. आसपास आणखी काही जुनी देवळे झाडाझुडपांत बुडालेली, मोडकळीस आलेली आढळतात. त्यांतील काहींच्या भिंतींतून वडापिंपळाची मुळे आरपार गेलेली आहेत. कर्ण नावाच्या राजाने येथे तीनशे साठ देवळे बांधली, असे गावात सांगितले जाते. मोजायला गेल्यास एका हाताच्या बोटांवर फार तर दोन हातांच्या बोटांवर संपतील, एवढीच आज शिल्लक आहेत.

मग ती तीनशे साठ कुठे गेली? मुळात होती का? कोणी बांधली, खर्च कोणी केला, पूजेचा बंदोबस्त कोणत्या गावाच्या उत्पन्नातून होत असे? या प्रश्नांना उत्तर देणारा लिखित पुरावा फार थोडा आहे. सह्याद्रिखंडाच्या परंपरेत या स्थानाला रामक्षेत्र म्हटले आहे आणि पहिल्या देवळांचे श्रेय परशुरामाला दिले आहे. पुढे कोल्हापूरकडून आलेल्या कर्ण नावाच्या चालुक्य राजाने येथे राजधानी केली, अशी कथा येते. इंग्रज सरकारने १८८० साली प्रसिद्ध केलेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटिअरने ही हकीकत उचलली आणि त्या राजाचा काळ सातवे शतक असा नोंदवला. परंतु उभे असलेले देऊळ त्याच्या घडणीवरून अकराव्या-बाराव्या शतकाच्या आसपासचे ठरते. म्हणजे पोथी आणि दगड यांच्या नोंदींत चारशे वर्षांची तफावत आहे. हिशेबाच्या भाषेत बोलायचे, तर हा ताळा जुळत नाही.

स्थलमाहात्म्याच्या पोथ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांचा हेतूच निराळा असतो. कोणत्या तीर्थात कोणत्या तिथीला स्नान केले असता कोणते फल मिळते, हे त्या सांगतात. भाविकाला तेच हवे असते. पण गाव म्हणून ते स्थान कसे होते, बाजार कधी भरत असे, उत्सवात कोण पुढे चालत असे आणि कोण मागे, देवळाच्या दारात काय विकले जात असे, याची दखल घेणे त्यांच्या कामात बसत नव्हते. आपल्या देशात बहुतेक जुन्या नगरांच्या बाबतीत असेच घडले. आणि येथेच चीनमधल्या काही जुन्या ग्रंथांची आठवण होते.

पहिला ग्रंथ लुओयांग नगराचा. उत्तर वेई घराण्याने पाचव्या शतकाच्या अखेरीस आपली राजधानी तिथे हलवली आणि जेमतेम चाळीस वर्षांत ते नगर बौद्ध विहारांनी भरून गेले. पुढे ५३४ साली राज्य फुटले, दरबार येचंग नगरीत हलवण्यात आला आणि लुओयांग ओस पडले. यांग श्वानची नावाचा एक अधिकारी ५४७ साली सरकारी कामासाठी त्या वाटेने गेला. तट कोसळलेले, वाड्यांच्या जागी गवत, गुराखी पोरे रस्त्यात बसलेली आणि राजद्वाराशी शेतकरी धान्य पेरीत असलेले, असे दृश्य त्याने पाहिले. एकेकाळी जिथे विहारांच्या घंटा ऐकू येत, तिथे आता क्वचितच घंटेचा आवाज येत होता. पुढच्या पिढ्यांना हे काहीच कळणार नाही, या भयाने त्याने ‘लुओयांगच्या विहारांची नोंद’ हा ग्रंथ लिहिला.

ग्रंथाची मांडणी एखाद्या दक्ष तपासनिसाची वाटते. पहिले प्रकरण नगराच्या तटाच्या आतील विहारांचे, मग पूर्वेकडील, दक्षिणेकडील, पश्चिमेकडील आणि शेवटी उत्तरेकडील. नगराच्या भरभराटीच्या काळात तिथे १,३६७ विहार होते आणि दरबार निघून गेल्यावर ४२१ उरले, असे आकडे तो देतो. प्रत्येक विहार कोणी बांधला, कोणत्या दरवाजाबाहेर, कोणत्या रस्त्याच्या कोणत्या बाजूला, शेजारी कोणाचा वाडा, आवारात कोणती फळझाडे, हे सारे त्यात आहे. कित्येक विहार मुळात सरदारांची राहती घरे होती. ५२८ साली मोठा राजकीय संहार झाला. त्यात मारल्या गेलेल्या सरदारांचे वाडे विहार म्हणून दान देण्यात आले, हे तो लपवीत नाही. धर्मकार्याच्या पाटीमागे काय काय असू शकते, याची त्याला पुरती जाणीव होती.

त्यातले युंगनिंग विहाराच्या नऊ मजली लाकडी मनोऱ्याचे वर्णन विशेष प्रसिद्ध आहे. वाऱ्याच्या रात्री त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यांवरच्या घंटा दूरवर ऐकू येत. ५१६ साली उभा राहिलेला हा मनोरा ५३४ साली आगीत भस्म झाला. यांग श्वानचीने त्याची उंची हजार फूट दिली आहे. त्याच काळातला दुसरा ग्रंथ, नद्यांच्या वर्णनाचा, हीच उंची निम्म्याहूनही कमी सांगतो. विसाव्या शतकात उत्खननात त्या मनोऱ्याचा चौरस चौथरा सापडला. त्याची बाजू सुमारे ३८ मीटर भरते. एवढ्या चौथऱ्यावर हजार फूट चढणे शक्य नाही, हे अभियंत्याखेरीज इतरांनाही कळेल. तेव्हा अतिशयोक्ती करण्यात चीनचा लेखकही मागे नाही. फरक एवढाच, की त्याने आकडा लिहिला, दिशा लिहिली, साल लिहिले. म्हणून दीड हजार वर्षांनी तपासणी करता आली. ‘तीनशे साठ’ या आकड्याची तशी तपासणी कशी करावी?

व्यापारी वाचकांना या ग्रंथातील चौथ्या प्रकरणाचा भाग अधिक रुचेल. नगराच्या पश्चिमेस मोठा बाजार होता आणि त्याच्या भोवती धंद्यांप्रमाणे पेठा वसल्या होत्या. एका पेठेत वादक आणि गायक, दुसरीत मद्य गाळणारे, तिसरीत शवपेट्या करणारे आणि शवरथ भाड्याने देणारे. व्यापाऱ्यांच्या पेठेत ल्यू पाओ नावाचा बडा धनी राहत असे. प्रत्येक मोठ्या शहरात त्याचे एक घर होते आणि प्रत्येक घरी दहा घोडे बांधलेले असत. मीठ आणि धान्य यांचे चढते-उतरते भाव सगळीकडे एकसारखे राहत, कारण बातमी आणि माल दोन्ही त्याच्या हाती होते. तार नव्हती, दूरध्वनी नव्हता, तरीही भावाची समानता राखणारा हा सहाव्या शतकातला आडत्या पाहिला म्हणजे कौतुक वाटते. विहारांच्या यादीत अशा माणसाला जागा देणारा लेखक अधिकच कौतुकास्पद वाटतो.

उत्सवांचे वर्णनही तसेच. चैत्र-वैशाखाच्या सुमारास, चिनी चौथ्या महिन्यात, बुद्धमूर्ती विहारांतून बाहेर निघत. छांगछ्यू विहारातील सहा सुळ्यांच्या पांढऱ्या हत्तीवरची मूर्ती निघे, तेव्हा पुढे तलवार गिळणारे आणि तोंडातून जाळ काढणारे खेळ करीत. गर्दी एवढी उसळे, की कधी कधी माणसे चेंगरून मरत, असे तो स्पष्ट लिहितो. सप्तमीला नगरातल्या हजारांहून अधिक मूर्ती एका विहारात एकत्र येत आणि अष्टमीला राजवाड्यापुढून मिरवणूक जाई. देव आपापल्या ठिकाणाहून निघून एका जागी भेटतात, ही कल्पना कोकणच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. शिमग्याला पालख्या निघतात, एकमेकींना भेटतात, नाचवल्या जातात. देवाची भेट आणि गावांची भेट एकाच वेळी होते.

दुसरा ग्रंथ खायफंग नगराचा. सुंग घराण्याची ही राजधानी ११२७ साली उत्तरेकडील जुर्चेन लोकांनी जिंकली. मंग युआनलाओ नावाचा रहिवासी दक्षिणेकडे पळून गेला. म्हातारपणी त्याच्या ध्यानात आले, की दक्षिणेत जन्मलेल्या तरुणांना जुन्या राजधानीबद्दल सांगितले तर ते ती नुसती गोष्ट समजतात. ११४७ साली त्याने आपल्या आठवणींना प्रस्तावना जोडली. ग्रंथाच्या नावाचा अर्थ पूर्वेकडील राजधानीच्या वैभवाचे स्वप्न, असा काहीसा होतो. त्याची भाषा साधी, बाजारी बोलीच्या जवळची आहे. पुढच्या काळातल्या काही पंडितांना ती रुचली नाही, पण इतिहासकारांना तिच्याइतके उपयोगी दुसरे काही मिळालेले नाही.

त्यात श्यांगक्वो मंदिराच्या बाजाराची हकीकत आहे. महिन्यातून पाच वेळा हे मंदिर सर्व लोकांच्या खरेदी-विक्रीला खुले होई. मोठ्या दरवाजाशी पक्षी, मांजरे, कुत्री आणि नवलाची जनावरे. दुसऱ्या-तिसऱ्या दरवाजाआत घरगुती वापराच्या वस्तू. मोकळ्या अंगणात मांडव घालून चटया, पडदे, खोगिरे, धनुष्ये, सुकवलेली फळे. मुख्य देवालयाजवळ नामांकित दुकानदारांचा मुरंबा, लेखण्या आणि शाई. दोन्ही बाजूंच्या पडव्यांत मठांतल्या भिक्षुणी स्वतः केलेले भरतकाम आणि कृत्रिम फुले विकीत. मागच्या बाजूस पुस्तके, चित्रे, जुन्यापुराण्या वस्तू, आणि परगण्यांतून बदलून आलेल्या अधिकाऱ्यांनी बरोबर आणलेला तिकडचा माल. अगदी शेवटच्या पडवीत ज्योतिषी. कोणती वस्तू कोणत्या दाराशी, हे इतके नेमके सांगितले आहे, की वाचणाऱ्याला पिशवी घेऊन निघावेसे वाटावे.

या गोष्टीला एक गंभीर पुरवणी आहे. खायफंग पीत नदीच्या काठचे नगर. नदीच्या पुरांनी, विशेषतः १६४२ च्या महापुराने, जुने नगर गाळाखाली कित्येक मीटर गाडले गेले. आज जे खायफंग दिसते ते त्या गाळावर वसलेले आहे. खाली कोणता रस्ता, कोणता पूल, कोणते दार असावे, हे शोधताना अभ्यासकांच्या हाती मंग युआनलाओची पोथी असते.

शास्त्री नदीनेही गाळ आणला आहे. भरतीच्या पाण्यावर गलबते एकेकाळी थेट संगमेश्वरापर्यंत येत. पुढे पात्र उथळ होत गेले आणि मालाची चढउतार खाली फुणगूस बंदराकडे सरकली. जलमार्ग थांबल्यावर संगमेश्वरच्या पेठेचे जुने महत्त्व ओसरले. राजकीय इतिहासात मात्र या गावाचे नाव एका दुःखद घटनेने कोरले गेले. १६८९ च्या फेब्रुवारीच्या आरंभी छत्रपती संभाजी महाराज येथेच मुकर्रबखानाच्या हाती सापडले. कोल्हापूरकडून घाट उतरून तो अवचित आला होता. त्या प्रसंगाविषयी बखरी, फारसी तवारिखा आणि कादंबऱ्या यांतून पुष्कळ लिहिले गेले. त्या दिवशी कसब्यात किती देवळे नांदती होती, पेठेत किती दुकाने होती, हे सांगणारा मंग युआनलाओ मात्र कोणी निघाला नाही.

चिनी लेखक आपल्या प्रदेशाविषयीही काही लिहून गेले आहेत. ह्युएनत्संग सातव्या शतकात, पुलकेशीच्या राजवटीत, महाराष्ट्रात आला. येथील लोक साधे, प्रामाणिक, ताठ मानेचे. उपकार करणाऱ्याचे उपकार फेडणारे आणि अपमान करणाऱ्याचा सूड घेणारे, असे त्याने नोंदवले. शंभरावर विहार आणि शंभराच्या आसपास देवालये असल्याचा आकडाही दिला. त्याआधी तो कोंकणपूर नावाच्या देशातून आला होता. त्या राजधानीच्या उत्तरेस ताडांचे मोठे वन होते आणि त्याची लांब, गुळगुळीत पाने सर्व देशांत लिहिण्यासाठी नेली जात, असे तो म्हणतो. हे कोंकणपूर नेमके कोणते, यावर विद्वानांत एकमत झालेले नाही. बरेच जण ते कर्नाटकात दाखवतात. तेव्हा आजच्या कोकणाने त्यावर घाईने हक्क सांगू नये. तथापि ज्या भूमीने सर्वांना लिहिण्यासाठी पाने पुरवली, तिच्याविषयीची नोंद परदेशी यात्रेकरूच्या हातून व्हावी, ही गंमत लक्षात राहण्यासारखी आहे.

याच प्रवाशाने निर्ग्रंथांचाही उल्लेख अनेक ठिकाणी केला आहे. कलिंग, द्रविड, पुंड्रवर्धन येथे त्यांची संख्या मोठी असल्याचे तो लिहितो. वायव्येकडील सिंहपुराजवळ त्याला श्वेतांबर साधूंची परंपरा आढळली. त्याचा सूर बौद्ध पक्षपातीपणाचा आहे, आणि काही वाक्ये जैन वाचकाला बोचतील अशी आहेत. पण विरोधकाने केलेली नोंदही पुराव्याला उपयोगी पडते. व्यवहारातही प्रतिवादीच्या वहीतली जमा आपल्या बाजूने कामी येतेच.

आपल्याकडे असे लेखन झालेच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. खरतरगच्छाचे आचार्य जिनप्रभसूरी यांचा ‘विविधतीर्थकल्प’ हा या दृष्टीने अनमोल ग्रंथ आहे. दिल्लीच्या महंमद तुघलकाच्या दरबारात मान मिळालेल्या या आचार्यांनी दीर्घ विहार करीत तीर्थे पाहिली आणि चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांचे वृत्तांत पूर्ण केले. शत्रुंजय, गिरनार, मथुरा यांबरोबर त्यात नाशिक आहे, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत आणि प्रतिष्ठान म्हणजे पैठणही आहे. पैठणच्या वर्णनात मुनिसुव्रत स्वामींचे स्थान, सातवाहनाच्या कथा आणि पर्युषणाची तिथी पंचमीवरून चतुर्थीवर आणणाऱ्या कालकाचार्यांची आठवण येते. आख्यायिका आणि प्रत्यक्ष पाहणी यांचे मिश्रण त्यात आहे. तरीही कोणते बिंब कुठे होते, कोणत्या देवळाला कोणत्या वर्षी धक्का पोहोचला आणि जीर्णोद्धार कोणी केला, हे ते अनेक ठिकाणी तिथिवारासह सांगतात. मुनी जिनविजयांनी १९३४ साली सिंघी जैन ग्रंथमालेत त्याची संशोधित आवृत्ती छापली. मराठीत महानुभावांची ‘स्थानपोथी’ याच जातीची. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले ती देवळे, त्यांची दारे कोणत्या दिशेला, पडवी कुठे, विहीर कुठे, असे ती सांगते. पैठण, नाशिक आणि गोदाकाठ यांना असे लेखक लाभले. सह्याद्री उतरून देवरूखच्या बाजूला मात्र त्यांच्यापैकी कोणी आले नाही.

त्यामुळे येथील परंपरा पुस्तकांतून हरवल्या आणि चालीरीतींत उरल्या. मार्लेश्वर हे त्याचे ठळक उदाहरण. देवरूखपासून मारळ गावावरून पुढे गेले, की सह्याद्रीच्या कड्याखाली, धारेश्वर धबधब्याच्या समोर, ही गुहा येते. बराच पायऱ्यांचा चढ चढून जावे लागते. गुहेचे तोंड अरुंद आहे, आत विजेचे दिवे नाहीत, समईच्या उजेडातच दर्शन होते. कड्यावरून पडणाऱ्या पाण्याचा घोष आत सतत येत राहतो. येथे नाग वावरतात आणि कोणाला इजा करीत नाहीत, अशी श्रद्धा आहे. जीवदयेचा हा आचार कोणत्याही जैन यात्रेकरूला आपलासा वाटेल.

मकर संक्रांतीला येथे मार्लेश्वराचे लग्न लागते. वधू साखरप्याची गिरिजादेवी. तिची पालखी साखरप्याहून येते, वराची पालखी आंगवलीहून निघते आणि यजमान म्हणून देवरूखच्या व्याडेश्वराची पालखी हजर असते. मागणी घालणे, पसंती, मुहूर्त, मंगलाष्टका, आहेर, सारे काही मनुष्याच्या लग्नासारखे. विधी लिंगायत पद्धतीने होतो. कोकणातल्या एका गुहेत लिंगायत विधी कसा आला? संगमेश्वरी बसवेश्वरांचे वास्तव्य होते, असे जुन्या गॅझेटिअरमध्ये म्हटले आहे. त्यात नामसादृश्याने घोटाळा झालेला दिसतो, कारण बसवेश्वरांचे संगमेश्वर हे कृष्णा-मलप्रभा संगमावरील कूडलसंगम होय. लिखित नोंद चुकली असली, तरी घाटावरून आलेल्या लिंगायत समाजाचा या भागाशी जुना संबंध होता, ही गोष्ट दर संक्रांतीला या लग्नमंडपात दिसते. आंबा घाटातून गुळाबरोबर आणि मिरचीबरोबर माणसे आली आणि माणसांबरोबर त्यांचे देवधर्मही आले. कोल्हापूरच्या शिलाहारांपैकी गंडरादित्याने बाराव्या शतकाच्या आरंभी एका तळ्याच्या काठी शिव, बुद्ध आणि अर्हत् अशा तिघांची देवालये बांधल्याचा ताम्रपट आहे. घाटावरची ती उदारता खाली उतरताना अर्धी राहिली असेल, असे मानण्याचे कारण नाही.

आता प्रश्न असा, की देवरूख परिसराच्या या चालीरीती लिहिल्याच गेल्या नाहीत का? लिहिल्या गेल्या, पण पोथीत नव्हेत. त्या व्यापाऱ्यांच्या वह्यांत आहेत. गुजरात, कच्छ, मारवाड आणि कोल्हापूरकडून कोकणच्या पेठांत स्थिरावलेल्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या रोजकीर्द आणि खतावणी ठेवली. त्यांत प्रत्येक गोणीमागे काही पैसे ‘धर्मादाय’ म्हणून बाजूला निघत. ते खाते उघडून पाहिले, तर पालखीचे तेल, शिमग्याची पोस्त, पाणपोईची घागर, गुरांचा चारा, पांजरपोळाची वर्गणी, मंदिराच्या शिखराला दिलेली रक्कम, साधुसाध्वींच्या विहारासाठी सोबत पाठवलेल्या माणसाचा खर्च, अशा नोंदी तिथीसह मिळतात. दिवाळीला वहीपूजन झाले, की पहिल्या पानावर भाव टिपण्याची रीत अनेक घरांत होती. कोणत्या साली मीठ किती, तांदूळ किती, सुपारी किती, हे त्या पानांवरून कळते. ल्यू पाओच्या मिठाचे भाव यांग श्वानचीने सांगितले म्हणून उरले. कोकणातले भाव दुकानदारांनी स्वतःच लिहून ठेवले आहेत.

परंतु या वह्यांची लिपी मोडी, जुनी गुजराती अथवा महाजनी. महाजनीत काना-मात्रा गाळण्याची सवय असल्याने ती वाचणे अधिकच कठीण. घरातल्या तरुण पिढीला ती येत नाही. संगणकावर हिशेब आल्यानंतर माळ्यावरच्या लाल कापडात बांधलेल्या या वह्या अडगळ ठरल्या. घराची दुरुस्ती निघाली, दुकान विकले गेले, भाऊ वेगळे झाले, की त्या किलोच्या भावाने रद्दीत जातात. जी राहतात त्यांना कोकणची ओल आणि वाळवी सोडत नाही. आयकराच्या दृष्टीने त्यांची मुदत केव्हाच संपलेली असते, आणि दुसऱ्या कोणत्या दृष्टीने त्या पाहायच्या असतात, हे कोणी सांगितलेले नसते. त्यामुळे एखाद्या पेठेची शंभर वर्षांची हकीकत अर्ध्या तासात टेम्पोत चढते. रद्दीवाल्याचा तराजू तिचे वजन तेवढे सांगतो.

हे टाळणे फार खर्चाचे नाही. वहीचा पहिला आणि शेवटचा कागद तसेच धर्मादायाचे खाते, एवढ्यांची छायाचित्रे भ्रमणध्वनीवर घेता येतात. कोणाची वही, कोणते गाव, कोणते संवत, हे बाहेरच्या चिठ्ठीवर देवनागरीत लिहून ठेवता येते. मोडी वाचणारे जाणकार रत्नागिरी, कोल्हापूर आणि पुणे येथे अजून आहेत. घरात ज्येष्ठ मंडळी असतील, तर लिपीतल्या खुणा आणि संक्षेप त्यांच्याकडून आजच विचारून घ्यावेत. ‘दे. ख. व्या.’ अशा तीन अक्षरांच्या मागे देवरूखच्या व्याडेश्वराच्या खर्चाची नोंद असू शकते, आणि तो उलगडा करणारे माणूस घरात एकच असते.

देवरूखला जाणाऱ्या कुटुंबांनी वेळ राखून जावे. संगमेश्वर रोड स्थानकावर कोकण रेल्वेने उतरले, तर कसबा जवळच आहे. कर्णेश्वर सकाळी पाहावा, कारण तिरप्या उन्हात खांबांवरची नक्षी स्पष्ट दिसते. भोवतालची पडकी देवळे पाहण्यास एखादा गावकरी बरोबर असलेला बरा. चातुर्मासात वाटा निसरड्या असतात आणि पायांखाली जीवजंतूही फार, तेव्हा हिवाळा उत्तम. देवरूखात पित्रे कलासंग्रहालय आहे. एवढ्या लहान गावात नामवंत भारतीय चित्रकारांची मूळ चित्रे पाहायला मिळावीत, हे मोठे भाग्य होय. मार्लेश्वरला संक्रांतीच्या दिवशी गर्दी अतोनात असते. तो सोहळा पाहायचाच असेल, तर आदल्या संध्याकाळी आंगवलीच्या बाजूला थांबावे. रात्री उशिरा पालखी निघते, पुढे ढोल-ताशे असतात, मागे दिवट्या, आणि कोणत्या वळणावर कोणता मानकरी येऊन मिळतो हे ज्याला विचारावे तो तोंडपाठ सांगतो.